धुणार कोण, ते आधी सांगा

नवरात्र बसलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी बाही का ओढते, मशीन दोरा का तोडतं, असली विचारणा असते. आता प्रत्येकाला दिवाळीच्या आत काहीतरी हातानं शिवून कुणालातरी द्यायचं आहे आणि घरात जुन्या साड्यांचं गाठोडं आहे. कऱ्हाडला शिवणवर्ग चालवायचे तेव्हा मुली विचारायच्या, "बाई, कुठला रंग कशाशी लावू?" मी उलट विचारायचे, "हे धुणार कोण, आणि कशात?" बादलीत, मशीनमध्ये की कधीच नाही? याचं उत्तर मिळालं की कापड, दोरा, टाका आपोआप ठरतात. रंगाचं नंतर बघता येतं. पत्रं मोठी होती, जागेसाठी थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : मावशी, मुलीला मार्गशीर्षात दिवस भरतात. भाऊबीजेला ती येईल तेव्हा बाळंतविडा तिच्या हातात द्यायचा आहे. दुपटी, कुंची, टोपरी सगळं घरी शिवणार. माझ्याकडे आईची दोन सुती नऊवारी लुगडी आहेत, धुऊन धुऊन मऊसूत झालेली. पण विहीणबाई म्हणतात, पहिलं नातवंड आहे, जुन्याचं दुपटं बरं दिसत नाही. काय करू?
— होणारी आजी, चिपळूण

उत्तर : विहीणबाईंना दुखवू नका आणि दुपटी लुगड्यांचीच शिवा. आपल्याकडे बाळाला सुरुवातीला जुनंच कापड वापरायची पद्धत होती, ती काही गरिबीमुळे नव्हती. नव्या कापडात खळ असते, ते अंगाला खरखरीत लागतं आणि पहिल्या दोन-चार धुण्यांत आटतं. तुमच्या लुगड्यातली खळ कधीच गेली, आटायचं तेवढं ते आटलं, सुटायचा तेवढा रंगही सुटला. एवढी तयारी झालेलं कापड दुकानात मिळत नाही.

आधी लुगडं खिडकीसमोर धरून उजेडात बघा. जिथं विरलं असेल तिथं उजेड जाळीसारखा आरपार दिसतो. तो भाग सोडून द्या, बहुधा बसायचा आणि गुडघ्यांवरचा निघेल. उरलेलं गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून मग कापा. दुपटं चौकोनी ठेवा, 36 ते 40 इंच. लांबट दुपट्यात बाळ नीट गुंडाळता येत नाही. आपल्या हवेला दोन पदर पुरतात, डिसेंबरसाठी एखादं तीन पदरी करा. त्याहून जाड केलंत तर कोकणात ते वाळणार नाही, आणि बाळाच्या घरी दुपटी दिवसात किती लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एक जाड दुपटं करण्यापेक्षा सहा पातळ करा.

काठाचं काय करायचं हे फार जण विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. लुगड्याचा काठ सुंदर असतो, पण घट्ट विणलेला आणि टणक असतो. तो बाळाच्या गालाशी येता कामा नये. चारही बाजूंनी काठ लावायचा मोह आवरा. पायाकडच्या एकाच बाजूला लावा. जरीचा असेल तर दुपट्याला नकोच. बाकी कडा आत दुमडून सुती दोऱ्यानं धावदोरा (सुई वर-खाली करत सरळ पुढे जाणारा टाका) घाला, टाका तांदळाएवढा. गाठी दोन पदरांच्या मध्ये लपवा, वर ठेवू नका.

कुंचीचं मात्र विहीणबाईंच्या मनासारखं होऊ द्या. कुंची बारशाला मिरवायची असते, ती धुणार कोण? जवळजवळ कुणीच नाही. तेव्हा तिथं नवा खण आणा, आतून लुगड्याचंच मऊ अस्तर लावा. मणी, टिकल्या, मोती शिवू नका. बाळाच्या मुठीत आलेली वस्तू तोंडातच जाते. गळ्याचे बंद आखूड ठेवा आणि मुलीला सांगा की बाळ झोपलं की कुंची उतरवायची. दुपट्याचंही तसंच. गुंडाळायला, खाली पसरायला, मांडीवर घ्यायला ते उत्तम, पण एकट्या झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकून ठेवू नये असंच आता डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे.

आणखी एक. भाऊबीजेपासून मार्गशीर्षापर्यंत हा विडा कपाटात राहणार. त्यात डांबरगोळ्या टाकू नका. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कडुनिंबाचा वाळलेला पाला एका पुरचुंडीत बांधून ठेवा आणि वापरण्याआधी सगळं एकदा धुऊन घ्या.

प्रश्न : नमस्कार काकू. मी नाशिकला नोकरी करतो, वय 26, सुई कधी हातात धरलेली नाही. या वेळी आईला दिवाळीत स्वतः केलेलं काहीतरी द्यायचं आहे. इंटरनेटवर गोधडीचे फोटो बघितले. तीन आठवड्यांत होईल का?
— आईचा मुलगा, नाशिक

उत्तर : नाही होणार रे बाबा. हातावर बसलेली बाई रोज दुपारभर बसली तरी मोठ्या गोधडीला महिना सहज जातो. तू अर्धी गोधडी घेऊन घरी जाशील आणि उरलेली आई शिवत बसेल. मग भेट कुणी कुणाला दिली?

तू आईसाठी गरम भांडी धरायची फडकी शिव, दोन. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या हातात असतील. सध्या ती ओढणीच्या टोकानं नाहीतर पदरानं पातेलं उतरवत असणार, मी पैजेवर सांगते.

तुझा एखादा जुना सुती शर्ट घे आणि एक जुना टर्किशचा टॉवेल. शर्ट शंभर टक्के सुती आहे का हे कॉलरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी गेली असेल तर शिवणीच्या आतल्या कापडाचे चार धागे काढून (शिवणीचा दोरा नव्हे) चिमट्यात धर आणि बेसिनवर काडी लाव. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. तो मणी हाताला लावून बघ, म्हणजे मी पॉलिएस्टर नको का म्हणते ते कळेल. तव्याच्या कडेला तेच वितळून कातडीला चिकटतं. बाजारात मिळणारा पांढरा फुगीर कापूसही बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो, तो आत घालू नकोस.

शर्टाचे नऊ इंची चौकोन दोन, टॉवेलचे तेवढेच दोन. टेबलावर आधी टॉवेलचे दोन्ही ठेव. त्यावर शर्टाचा एक चौकोन, सुलट बाजू वर. त्यावर दुसरा, सुलट बाजू खाली. टाचण्या लाव आणि कडेपासून अर्धा इंच सोडून चौफेर शिव. एका बाजूला चार बोटं जागा उघडी ठेव. शिवताना प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जा, नुसता धावदोरा इथं टिकत नाही. कोपऱ्यांची टोकं तिरकी छाट, मग त्या उघड्या जागेतून सगळं उलटं कर. टॉवेल आपोआप आत जातो. (पहिल्यांदा हे जमलं की माझ्या वर्गातल्या मुली हमखास टाळ्या वाजवायच्या.) इस्त्री कर, उघडी जागा हातानं बंद कर आणि मधून आडवा-उभा धावदोरा घाल, म्हणजे आतला टॉवेल गोळा होणार नाही. खिळ्याला अडकवायला एक फासा.

आईला दोनच गोष्टी सांग. ओलं फडकं गरम भांड्याला लावायचं नाही, चटका थेट आत पोचतो. आणि मळलं की सरळ मशीनमध्ये टाकायचं. "माझ्या लेकानं केलंय" म्हणून ते शोकेसमध्ये ठेवायला लागली तर दुसरं तिच्यासमोर तव्याला लावून दाखव.

प्रश्न : दसऱ्याला इरकलीच्या तांबड्या पदराची आणि पांढऱ्या मांजरपाटाची बसकरं शिवली. रंग लागू नये म्हणून पदर आधी मिठाच्या पाण्यात भिजवला होता. तरी पहिल्याच धुण्यात पांढरं गुलाबी झालं. मीठ कमी पडलं का?
— सोलापूर

उत्तर : मीठ वाढवून काही होणार नाही. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. शिवायच्या आधी पांढरा रुमाल ओला करून कापडावर सुलट-उलट दोन्हीकडून घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावायचं नाही, मग सोन्याचं असो. तांबडा, काळा आणि गर्द निळा यांची परीक्षा दर वेळी घ्या. आता ती बसकरं गुलाबीच राहू देत. किंवा एकदा सगळीच चांगली रंगवून घ्या.

प्रश्न : मावशी, आई मार्चमध्ये गेली. तिच्या बारा साड्या मी इकडे घेऊन आले. आम्ही तिघी बहिणी, एक पुण्यात, एक बंगळुरात, मी इथे. दिवाळीला तिघींसाठी एकसारख्या गोधड्या करायच्या मनात आहे. इथल्या दुकानात चौकशी केली तर तिथल्या बाई म्हणाल्या, जुनं कापड क्विल्टला वापरूच नका, टिकत नाही, नवं घ्या. त्या जो मधला थर दाखवत होत्या तोही मला फार जाड वाटला. शिवाय बाराही साड्या कापायला हात धजत नाही.
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तिथं माझ्याकडे चांगली बातमी आहे. बारा साड्या कापायच्याच नाहीत.

हिशोब बघ. गोधडी 60 बाय 72 इंच धर. सहा इंची चौकोन लावायचे तर दहा ओळी गुणिले बारा, म्हणजे 120 चौकोन. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच, म्हणून प्रत्येक चौकोन सात इंचांचा कापायचा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच, म्हणजे सात इंची पट्टीतून सहा चौकोन निघतात. तीन गोधड्यांना 360 चौकोन. बारा साड्यांत वाटले तर एका साडीतून 30, म्हणजे पाच पट्ट्या, म्हणजे 35 इंच. एक मीटरही नाही! तेवढं कापड साडीच्या आतल्या टोकाचं घे, जे आपण कमरेला खोचतो. त्या भागाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे रंगही तिथं सगळ्यात ताजा असतो. पदर आणि निऱ्यांचा भाग शाबूत राहतो. तीन साड्यांचं उरलेलं साडेचार मीटर गोधड्यांच्या मागच्या बाजूला लागेल, दोन पाट जोडून. नऊ साड्या जवळजवळ अख्ख्या राहिल्या. नेसायला थोड्या तोकड्या पडतील, पण भाच्यांचे ड्रेस होतील, किंवा घडी घालून नुसत्या ठेवता येतील. ठेवायच्या असतील तर ठेव, कारण विचारायला कुणी येत नाही.

हा हिशोब साड्या सगळ्या सुती असतील तर. तू तसं लिहिलेलं नाहीस, आणि कुठल्याही आईच्या कपाटात बाराही साड्या सुती नसतात. सुतीची रास एकीकडे कर. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन दुसरीकडे. सुतीशेजारी जॉर्जेटचा चौकोन लावला तर धुतल्यावर एक ताणला जातो, एक तसाच राहतो, आणि गोधडीचं तोंड वाकडं होतं. जी जॉर्जेट तुला हवीच आहे (अशी एक असतेच, लग्नातल्या फोटोतली), तिच्या चौकोनाला मागून पातळ मलमल टाचून घे आणि मग दोन्ही मिळून एक कापड समजून शिव. सुती साड्या सातच निघाल्या तर एकेका साडीतून पाचाऐवजी नऊ पट्ट्या, म्हणजे 63 इंच, एवढाच फरक.

दुकानातल्या बाईंचं म्हणणं त्यांच्या पद्धतीनं बरोबर आहे. तिकडे वरचं नक्षीचं कापड, मधला फुगीर थर आणि खालचं कापड अशी रचना असते, त्या फुगीरपणाला नवं, दमदार कापड लागतं. आपल्या गोधडीत मधला थर नसतोच, साडीवर साडी असते आणि ऊब पदरांची असते. पण तिकडच्या थंडीसाठी मध्ये काही हवं असेल तर पॉलिएस्टरचा जाड थर न घेता सुती, पातळात पातळ घे. पाकिटावर दोन शिवणींमधलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं. तू तिथवर जाऊ नकोस. दोन बोटांवर धावदोरा घाल. टाके जितके जवळ तितका ताण सगळ्या कापडावर वाटला जातो, जुनं कापड टिकतं ते त्यामुळे.

आणि त्या बाईंना त्यांच्याच देशातलं एक गाव सांग. अलाबामात नदीच्या वळणात जीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांचे, पिठाच्या पोत्यांचे क्विल्ट शिवले, कारण घर गारठ्याचं होतं आणि दुसरं कापड नव्हतं. त्यातल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याचे शेतावरचे कपडे फाडून एक क्विल्ट केला, विटक्या डेनिमचा, गुडघ्यांवरचे डाग तसेच ठेवून. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडचे क्विल्ट भिंतीवर लागले आणि 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. जुनं कापड टिकत नाही म्हणे!

आता धुण्याचं. पुण्याची बहीण बादलीत किंवा मशीनमध्ये धुऊन उन्हात टाकेल, बंगळूरची तशीच. तू ड्रायर लावणार. तिथंच जुन्या सुताचे हाल होतात. तुझी गोधडी थंड पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून हलक्या फेऱ्यात धू आणि दोरीवर नाहीतर स्टँडवर वाळव. शिवायच्या आधी सगळे तुकडे आणि मधला सुती थर एकदा धुऊन घे, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. दिवाळीपर्यंत तीन होणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे. एक कर. दोघी बहिणींना कापलेल्या चौकोनांचे गठ्ठे पाठव, त्यांना त्यांच्या शिवू दे. एकीला जमत नसेल तर दुसरी करेल, त्या निमित्तानं फोनवर भांडतील तरी.

प्रश्न : सासूबाईंची साठ वर्षांची पैठणी घड्यांवर चिरली आहे. तिच्या उशा, बटवे करून नणंदांना पाडव्याला द्यावेत असं वाटतं. कापू का?
— पुणे

उत्तर : नणंदांना विचारलंत का? आधी विचारा. कापल्यावर विचारून उपयोग नाही.

त्या हो म्हणाल्या तरी उशी नको. घडीवर चिरलेलं रेशीम म्हणजे धागाच थकलेला असतो, शेजारी ओढ बसली की तिथं चिरतं. उशीवर डोकं घासतं, तेल लागतं, आणि हे तुम्ही धुणार कसं? बटवा चालेल, पण फक्त काठ आणि पदराचा. पैठणीचा पदर हातानं रंगागणिक वेगळा बाणा (आडवा धागा) घालून विणतात, त्यामुळे कापलेली कड भराभर सुटते. कापायच्या आधी मागून पातळ मलमल बारीक टाक्यांनी जोडून घ्या आणि मलमलीसकट कापा. आतून अस्तर हवंच.

एक सावधगिरी. जुन्या पैठणीची जरतार खरी असेल तर ती चांदीची असते. दारावर "जुनी जर घेणार" म्हणत येतात, ते वजनावर भाव सांगतात आणि तो भाव त्यांच्या सोयीचा असतो. विकायची असेल तर ओळखीच्या सराफाला आधी दाखवा. मला विचाराल तर चिरलेला मधला भाग काढून एकेक काठाची चौकट नणंदांना द्या. भिंतीवर लागेल, धुवायला नको.

प्रश्न : बाई, मी वाकळ शिवतोय तर मधे पोट येतंय. कडेनं सुरू करून गोल गोल आत जातोय, आजी जायची तशीच. आजीच्या वाकळंला पोट येत नव्हतं. धाकट्या भावाच्या नव्या घरी दिवाळीला द्यायची हाय.
— कोल्हापूर, गडहिंग्लजकडचा

उत्तर : दादा, तुमची आजी शिवायच्या आधी काहीतरी करायची, ते तुमच्या लक्षात राहिलं नाही, कारण लहान पोरं त्या वेळी पसरलेल्या वाकळेवर लोळत असतात. ती कच्चे टाके घालायची. पदर जमिनीवर पसरून, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, काय असेल ते वजन ठेवून, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला लांब लांब टाके टाकत जायची. एकेका वितीवर एक ओळ. सुई कडेनं आत जाते तेव्हा वरचं कापड किंचित पुढं ढकलत जाते. प्रत्येक फेऱ्याला गव्हाएवढं. ते सगळं शेवटी मध्ये साठतं, तेच तुमचं पोट. कच्च्या टाक्यांनी कापड जागच्या जागी धरलं की ते ढकललं जात नाही.

तुमच्याच बाजूनं खाली उतरलं की उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात. मूळ आफ्रिकेतून आलेले हे लोक. त्याही कडेनंच आत जातात, पण त्यांना पोट येत नाही, कारण वरचं कापड एकसंध नसतं. साडी खाली पसरून त्या तुकडा ठेवतात, कड दुमडतात, शिवतात, पुढचा ठेवतात. जिथं जेवढं लागेल तेवढंच कापड. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडून केलेली तिकोनी फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी, असं त्या मानतात.

तुमची वाकळ आता उसवायची. पण पूर्ण नाही. पोट जिथं सुरू होतं तिथपर्यंतचे आतले फेरे तेवढे उसवा, तळहातानं कापड सारखं करा, कच्चे टाके घाला. तरीही वर जास्तीचं कापड उरलंच तर त्याची एक सरळ चुणी घाला आणि तिच्यावर चांगल्या रंगाचं मोठं चौकोनी ठिगळ लावा, मध्यावर. भावाला सांगायचं, नक्षी हाय. दोरा सुतीच वापरा आणि बोटात अंगुस्तान घाला. पाच पदरांतून सुई ढकलताना बोटाचं काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

प्रश्न : शेजारणी म्हणतात, कापड आम्ही देतो, तू नुसती शिवून दे. पैसे काय सांगायचे?
— डोंबिवली

उत्तर : "नुसती"चे. तास मोजा, तुमच्या भागात घरकामाला तासाचा जो दर असेल त्याच्याहून कमी घेऊ नका, आणि अर्धे आगाऊ घ्या. आगाऊ म्हटलं की निम्म्या जणींची गोधडीची हौस तिथंच फिटते.

प्रश्न : मला दिवाळीचं नाही, संक्रांतीचं विचारायचं आहे. शिंप्याकडून ब्लाऊजच्या चिंध्यांची मोठी पिशवी मिळाली. हळदीकुंकवाला 36 जणी येतात. हातानं केलेलं वाण लुटायचं आहे, पण बटवे सगळ्यांकडे ढिगानं पडलेत.
— ठाणे

उत्तर : आत्तापासून विचारलंत, बरं केलंत. पोळ्यांच्या डब्यातलं फडकं करा. प्रत्येकीच्या डब्यात जुन्या टॉवेलचा नाहीतर पंचाचा तुकडा असतो आणि पाहुणे आले की ती तो लपवते. दोन पदरी, बारा इंची चौकोन, मऊ पांढऱ्या मलमलीचा. 13 इंची कापले तर एका पन्ह्यात तीन बसतात. साडेआठ मीटर मलमल म्हणजे 25 आडव्या पट्ट्या. त्यातल्या 24 पट्ट्यांत 72 चौकोन, म्हणजे 36 फडकी, आणि एक पट्टी चुकलेल्यांसाठी. मलमल आधी धुऊन घ्या. नवी मलमल चांगलीच आटते, म्हणून कापड अर्धा-पाऊण मीटर जास्तच आणा.

चिंध्या फक्त कोपऱ्यांना लावायच्या, वर कवंदीची सांगितली तशी दुमडून तिकोनी फुलं करून. एका फडक्याला एकच फूल, चारांची गरज नाही. पण आधी पिशवी निवडा. शिंप्याच्या चिंध्यांत अस्तराचं पॉलिएस्टर आणि जरीचे तुकडे भरपूर असतात. हल्ली पोळ्या डब्यासकट किंवा फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये जातात, तिथं जरीतून ठिणग्या उडतात. तेव्हा सुती आणि रंग न जाणाऱ्याच चिंध्या घ्या, ओल्या रुमालाची परीक्षा इथंही. बोटाएवढ्या बारीक उरतील त्या टाचण्यांच्या उशीत भरा.

रोज चार-पाच फडकी केलीत तरी रथसप्तमीच्या कितीतरी आधी व्हाल मोकळ्या. तुपाचा डाग पडणारच, तेव्हा वाण देताना सांगा की गरम पाण्यात साबण घालून भिजवायचं. आणि चुकून एखादं जास्त झालं तर कऱ्हाडला पाठवा. माझं फडकं मी पण पाहुण्यांपासून लपवते.